खुब्यातला होकार

कुमुदकाकी फोन कधी स्वतःहून ठेवत नसत. बोलणं संपलं, समोरच्यानं ‘अच्छा’ म्हटलं, तरी त्या कानाला धरूनच बसायच्या, आणि पलीकडून लाइन बंद झाल्याची खात्री पटली की मग हात खाली घ्यायच्या. फोर्टमधल्या एका कचेरीत त्यांनी सगळी नोकरी टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली होती. “आपण आधी ठेवूचा नाय, मास्तरीण. समोरच्याचा काय बोलूचा ऱ्हवला आसात तर?” असं त्या मला सांगायच्या. कचेरीतला टेलिफोनचा बोर्ड भंगारात गेला, त्यावर बसणाऱ्या बायका निवृत्त झाल्या, तरी काकींचं ते थांबून ऐकणं काही सुटलं नाही.

मला त्या मास्तरीण म्हणायच्या, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते. लग्न होऊन मी गिरगावातून परळच्या या चाळीत आले तेव्हापासून आमच्या दोघींच्या दारांमध्ये फक्त एक खोली होती. पहिल्याच आठवड्यात मी त्यांचे दोन आवाज ऐकले. फोनवर, “नमस्कार, आपल्याला कोण हवंय? कृपया लाइनवर राहा,” असं घोटून गुळगुळीत केलेलं मराठी, आणि लगेच रिसीव्हरवर हात दाबून माझ्याकडे वळून मालवणीत, “गो, दूध बघ माझा, उतू जाता!” त्यांच्या आत दोन बायका राहतात असंच मला वाटलं होतं.

आमच्या चाळीत कोणाकडे कसलं कालवण शिजतंय ते फोडणी पडायच्या आधी तळमजल्याला कळतं. अशा ठिकाणी काकींच्या पोटात गेलेली गोष्ट कधी बाहेर आली नाही. साहेबलोकांची भांडणं, लग्नं जुळणं, लग्नं मोडणं, सगळं त्यांच्या कानावरून गेलेलं. कोणी खोदून विचारलं तर म्हणायच्या, “लाइनवर ऐकलेला लाइनवरच ऱ्हवता.” त्यामुळे चाळीतल्या बायका मन मोकळं करायला त्यांच्याकडे जायच्या. काकी सल्ला देत नसत. नुसतं “हं” म्हणत, पण ते “हं” असं असे की समोरची बोलतच राही.

त्यांचे यजमान राणेअण्णा याच्या अगदी उलट. ते बोलायचेच नाहीत. गिरणी बंद पडल्यावर कॉटन ग्रीनच्या एका गोदामात रखवालीला जायचे आणि घरी असले की गॅलरीत खुर्ची टाकून सुपारी कातरत बसायचे. गावाहून आणलेला जाडजूड अडकित्ता होता, त्याची टक् टक् सकाळ-संध्याकाळ चालू असे. येता-जाता मी “काय अण्णा, बरंय ना?” म्हटलं तर मान हलवायचे. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेली वाक्यं एका पोस्टकार्डावर मावतील. ते गेलेही तसेच, खुर्चीत बसल्या बसल्या, कोणाला हाक न मारता.

गेलेल्या माणसाच्या रोजच्या वापरातल्या वस्तू तेराव्याला देऊन टाकायची रीत आहे. त्याप्रमाणे काकींनी छत्री, चपला, काठी यांच्याबरोबर तो अडकित्ताही भटजींच्या ताटात ठेवला. आम्ही सगळ्या तिथेच बसलो होतो. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

काकींचा उजवा खुबा अण्णा असल्यापासूनच झिजला होता. चालताना त्या एका बाजूला झुकायच्या. ऑपरेशनचं नाव काढलं की “ह्यांचा जेवणखाण कोण बघतला?” म्हणायच्या. ती सबब संपल्यावर त्यांच्या मुलीनं, रंजूनं, मग काही ऐकून घेतलं नाही. रंजू वडाळ्याला राहते, बँकेत आहे, आणि एकदा ठरवलं की ठरवलं. तिनं चार ठिकाणी चौकशी करून सिरॅमिकचा सांधा निवडला. मांडीच्या हाडावर सिरॅमिकचा गोळा, आणि तो फिरायला कमरेच्या हाडात सिरॅमिकचीच वाटी. गुळगुळीत, टिकाऊ, जन्मभर बघायला नको. चाळीत बातमी पसरली की काकींच्या कमरेत कपबशी बसवली. पेडणेकरांच्या सुनेनं तर मला गंभीरपणे विचारलं, की कढत पाण्यानं अंघोळ केली तर तडकणार नाही ना? हे सिरॅमिक चिनी मातीपेक्षा किती कणखर असतं ते मी तिला अर्धा तास समजावलं. काकी ऐकत होत्या. “मास्तरीण,” त्या शेवटी म्हणाल्या, “फुटणा नाय असा काय आसता काय गो जगात?”

पुढची दोन-तीन वर्षं चांगली गेली. काकी सरळ चालायला लागल्या. भारतमाता टॉकीजपर्यंत पायी जाऊन मासे आणायच्या.

मग तो आवाज आला. मला तो दिवस नीट आठवतो, कारण त्या दिवशी चाळीच्या पुनर्विकासाची सभा होती. बिल्डरचा एक तरुण माणूस आला होता, टाय लावलेला. त्यानं नकाशे दाखवले आणि छातीवर हात ठेवून सांगितलं की ठरलेल्या मुदतीत सगळ्यांच्या हातात किल्ल्या देतो. काकी पहिल्या रांगेत होत्या. त्या खुर्चीवरून उठल्या, आणि अख्खी नोकरी आवाज ऐकण्यात गेलेल्या बाईच्या शांतपणे म्हणाल्या, “ह्यो खोटा बोलता.”

टक्.

आवाज त्यांच्या कमरेतून आला होता. स्वच्छ, कोरडा, मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलेला. आमच्याकडे कोणी बोलत असताना भिंतीवरची पाल चुकचुकली तर ते बोलणं खरं धरतात, आणि ऐकणाऱ्यानं बोटानं टकटक करून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायचं असतं. मग म्हातारे पेडणेकर पुढे वाकले, खुर्चीच्या हातावर बोटाच्या पेरानं ठोकलं आणि म्हणाले, “कृष्ण कृष्ण!” अख्खी सभा हसत सुटली. शंभरेक बोटं खुर्च्यांवर वाजली. टायवाला बिचारा वरच्या पंख्याकडे बघत राहिला. त्या सभेत एकही सही झाली नाही.

त्यानंतर काय विचारता! काकींच्या खुब्याला चाळीत मान मिळाला. काकी बोलता बोलता वळल्या, टक् झालं, की जवळचं कोणीतरी कठड्यावर बोट आपटून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायचं. पेडणेकरांच्या सुनेला नोकरी बदलायची होती, तीही येऊन बसली. “काकी, जरा विचारा ना.” काकी तिला म्हणाल्या, “लाइन बिझी आसा, नंतर कर.” त्यांनी दुसऱ्या कोणासाठी कधी विचारलं नाही. ही सगळी गंमत चालली आहे अशाच समजुतीत मीही होते.

एक दिवस शाळेतून लवकर आले. गॅलरीत कोणी नव्हतं. काकी पिशवी घेऊन दाराबाहेर उभ्या होत्या आणि हळू आवाजात कोणाला तरी म्हणत होत्या, “बांगडे आणू काय आज?” मग त्यांनी उजव्या पायावर भार टाकला, कंबर किंचित वळवली आणि मान कलती करून थांबल्या. टक्. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अण्णा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. त्या समाधानानं जिन्याकडे वळल्या आणि मला बघून थबकल्या.

मी त्यांना आत नेलं आणि चांगली रागावले. सांध्यातून असा आवाज येणं बरं नाही, डॉक्टरांना दाखवायला हवं, आणि हे विचारणं-बिचारणं काय आहे? काकींनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग पहिल्यांदा त्यांनी मला लाइनवरचं काहीतरी सांगितलं.

“मास्तरीण, आमचो संसार अडकित्त्यार झालो. मी विचारूचा, शनिवारी ताईकडे जाऊया? रंजूक कॉलेजात घालूया? ह्यांनी होय म्हणूचा झाला तर सुपारी कातरूची. टक्. संपला. नको असात तर अडकित्तो मांडयेर ठेवून गप बसूचे. मग मी परत विचारणंय नाय.” मग म्हणाल्या, “मी तो अडकित्तो देवन टाकलंय गो. माज्या हातान. तेराव्याक. नंतर सुचला माका, की मी ह्यांचो आवाजच देवन टाकलंय. आणि आता बघ, परत इले.”

मी म्हटलं, “काकी, तो सिरॅमिकचा आवाज आहे.” त्या म्हणाल्या, “अडकित्तो तरी खय माणसाचो होतो? लोखंडाचोच होतो मा?”

एक गोष्ट मात्र सांगून टाकते. त्याच सुमारास काकींना ताप आला होता आणि दुपारची मी त्यांच्याजवळ बसले होते. गोधडीत त्या सरळ उताण्या पडलेल्या, डोळे मिटलेले, पाय अजिबात हलत नव्हता. मी बघत होते. झोपेत त्या ‘आहात ना’ असं विचारावं तशा पुटपुटल्या, “आसात मा?” आणि गोधडीखालून टक् असा आवाज आला. झोपेत स्नायू आपोआप आखडतो, सांधा सरकतो, हे मला कळतं. तरी मी उठले आणि गॅलरीत येऊन उन्हात उभी राहिले. आत परत जायला मला बराच वेळ लागला.

रंजूला मी आवाजाबद्दल सांगितलं, बाकीचं सांगितलं नाही. ती दुसऱ्याच दिवशी आली आणि आम्ही तिघी जवळच्या इस्पितळात गेलो. फोटो काढले. डॉक्टर तरुण होते, पण नीट समजावणारे. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी दाखवलं. वाटीच्या कडेचा टवका उडाला होता. भार टाकून कंबर वळवली की गोळा कडेवर चढायचा आणि परत आत आपटायचा, तो हा आवाज. “प्रत्येक वेळी थोडं आणखी फुटतंय,” ते म्हणाले. “आत्ताच बदलला तर सोपं आहे, आजी. पूर्ण फुटला तर काचेच्या भुग्यासारखे कण मांसात जातात. कितीही धुतलं तरी थोडे राहतातच.”

रंजूनं तारीख विचारली. काकींनी एकच प्रश्न विचारला, तोही फोनवरच्या मराठीत. “नवीन बसवल्यावर आवाज येईल का?”

डॉक्टर खूश होऊन हसले. “अजिबात नाही! तुम्हाला कळणारसुद्धा नाही आत काही बसवलंय ते.”

घरी आल्यावर काकी म्हणाल्या, ह्यांना विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही. तेव्हा रंजूला सगळा प्रकार कळला. ती कधी रडत नाही, त्या दिवशी संतापानं रडली. “आई, ते बाबा नाहीयेत! तडा गेलेला तुकडा आहे तो. तू त्याला बाबा म्हणतेस? कळतंय का तुला काय बोलतेयस?” काकी उठून गॅलरीत गेल्या, तशी तीही त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. “बरं, विचार मग. आत्ता विचार. माझ्यासमोर विचार, ऑपरेशन करू का म्हणून. तू ऐकतेस ना त्यांचं? मीपण ऐकते.”

काकी कठडा धरून उभ्या होत्या. मी दारात होते, मला त्यांचे पाय दिसत होते. उजवी टाच त्यांनी जमिनीवरून अलगद उचलली होती. सगळा भार डाव्या पायावर घेऊन, बोटं पांढरी पडेपर्यंत कठडा आवळून, त्या श्वास रोखून उभ्या होत्या. चुकूनसुद्धा आवाज होऊ नये म्हणून. अण्णा होय म्हणाले असते तर त्यांनी स्वतःच निरोप घेतला असता, आणि काकींना तो ऐकायचा नव्हता. रंजूला हे दिसलं नाही. ती पर्स उचलून निघून गेली.

त्या संध्याकाळी मी काकींना डॉक्टरांचं म्हणणं पुन्हा समजावलं, शाळेत समजावते तसं. म्हटलं, “तुम्ही विचारता म्हणून तो झिजतोय. पायावर भार टाकून टाकून तुम्ही त्याला फोडताय.” माझा हेतू होता की त्यांनी ऑपरेशनला हो म्हणावं. झालं भलतंच. काकींनी विचारणं कमी केलं. बांगडे की बोंबील, पाणी आज भरू की उद्या, असल्या गोष्टी त्या आपल्या आपण ठरवू लागल्या. डाव्या पायावर भार देत, कडेकडेनं चालू लागल्या. बरणीतल्या शेवटच्या फोडी पुरवून खाव्यात तसं चाललं होतं त्यांचं. गॅलरी शांत झाली. ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायला कोणाला कारण उरलं नाही, आणि आपण कसली थट्टा करत होतो ते हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. पेडणेकरांची सून त्यांना बघितलं की मान खाली घालायची.

रंजू रोज फोन करत होती. आधी चिडून, मग गयावया करून. “आई, प्लीज गं, उद्या तू पडलीस तर मी काय करू?” काकी ऐकून घ्यायच्या. पोरीच्या आवाजातलं भय त्यांना कळत नव्हतं असं नाही. आवाज ओळखण्यातच त्यांचा जन्म गेला होता. शेवटी पोरीचं ते भयच भारी पडलं असावं.

रविवारची सकाळ होती. अर्धी चाळ घरात होती. मी खिडकीपाशी नारळ खोवत बसले होते. काकी गॅलरीत आल्या, अण्णांची खुर्ची असायची त्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. खूप दिवसांनी त्यांनी दोन्ही पाय नीट टेकवले. मला शब्द ऐकू आले. “पोर भियाली आसा हो. जावन करून घेवू? सांगा.”

आणि त्यांनी उजव्या पायावर भार टाकला.

मोठी बशी फरशीवर पडून फुटावी तसा आवाज झाला. चारी बाजूंनी दारं उघडली, “काय पडलं? काय फुटलं?” करत लोक बाहेर आले, आणि जो तो आधी भांडं शोधू लागला. काकी कठड्याला टेकून खाली बसल्या होत्या, पाय भलताच वळलेला. वेदनेनं चेहरा पांढराफटक पडला होता. मी त्यांचं डोकं धरलं. त्यांनी माझा हात घट्ट पकडला आणि म्हणाल्या, “होय म्हटल्यानी गो. ऐकलंस मा? एवढ्या मोठ्यान कधी म्हणूक नाय होते.”

ऑपरेशन मोठं झालं. डॉक्टरांनी बाहेर येऊन रंजूला प्रामाणिकपणे सांगितलं की तुकडे सगळे काढले, धुता येईल तितकं धुतलं, नवा सिरॅमिकचा सांधा उत्तम बसलाय. बारीक कण मात्र काही आत राहिले असणार, त्याला इलाज नाही. शुद्धीवर आल्यावर काकींनी पहिल्यांदा विचारलं, तुकडे कुठे आहेत? रंजू म्हणाली, “ते देत नाहीत, आई. इस्पितळाच्या कचऱ्यात जातात.” काकींनी भिंतीकडे मान फिरवली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “पण थोडे ऱ्हवलेत मा आत? डाक्टरान सांगल्यान मा?” मी म्हटलं, “हो काकी, थोडे राहिलेत.” खरं तेच होतं, आणि त्यांना बरं वाटावं असंही वाटलं.

घरी आल्यावर सुरुवातीला सगळं छान चाललं. व्यायाम शिकवायला एक मुलगी येत होती; ती विचारत नसे, हुकूम सोडायची, आणि काकी तो मुकाट्यानं पाळायच्या. वॉकर सुटला, काठी आली, काठीही सुटली. मग त्या मुलीचं यायचं संपलं. आणि काकी पुन्हा विचारू लागल्या.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मी डबा नेऊन ठेवला की त्या ताटासमोर बसायच्या, ओठ किंचित हलायचे, मान कलती व्हायची, आणि थांबायच्या. लाइनवर कोणी येईल म्हणून थांबावं तशा. मग ताट हळूच पुढे सारायच्या. “नको म्हणतत.”

“कोण नको म्हणतंय?”

“हे.”

मी हरले नाही, माझ्या परीनं भांडले. “काकी, आवाज नाही म्हणजे काहीच नाही. नको असा त्याचा अर्थ होत नाही. आता आतला सांधा गुळगुळीत आहे, तो वाजणारच नाही.”

काकी माझ्याकडे मायेनं बघत होत्या, वर्गातल्या ढ मुलीकडे मी बघते तशा. “तू ह्यांका ओळखणस नाय, मास्तरीण. ते तोंडान नको कधीच म्हणाले नाय. गप ऱ्हवत. तसेच गप आसत आता.”

“पण त्यांनीच तर होय म्हटलं ना ऑपरेशनला? मग आता कशाला नको म्हणतील?”

“सगळे होय त्या एकात संपले गो,” त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. दूध संपलं असं सांगावं तसं सांगितलं.

बाजार बंद झाला. देवळात जाणं बंद झालं. रंजूनं फोनवर दम दिला की दोन घास खायच्या, कारण तो हुकूम असायचा. स्वतःच्या मनानं काही करायचं झालं की विचारायच्या, थांबायच्या, आणि परत खाटेवर जाऊन बसायच्या. खुबा मात्र दृष्ट लागण्यासारखा बरा झाला होता. तपासणीला डॉक्टरांनी त्यांना लांबलचक पॅसेजमध्ये चालायला लावून शिकाऊ पोरांना दाखवलं म्हणे. मला कित्येकदा वाटायचं, आपण दाराआडून जीभ टाळ्याला लावून एकदा टक् करावं, निदान त्या जेवतील तरी. मी कधी केलं नाही. ज्या बाईनं जन्मभर खोकल्यावरून माणूस ओळखला तिला फसवता येणार नाही हे एक कारण. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

शेवटी रंजूनं ठरवलं की आईला वडाळ्याला न्यायचं. शाळेला सुट्टी होती, मी सामान भरायला मदत केली. रंजूचा हुकूम म्हणून काकी तयार झाल्या. निळी नारायणपेठ नेसल्या, केसात अबोलीचा गजरा माळला. रंजू पिशव्या घेऊन पुढे उतरली. खाली टॅक्सी उभी होती. सगळी चाळ निरोप द्यायला गॅलरीत आली होती. काकींनी प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवला, पेडणेकरांच्या सुनेच्याही, आणि त्या जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे दोन हातांवर होते.

“उतरू मी?” त्या हळूच म्हणाल्या.

त्यांनी उजवा पाय टेकवला, कंबर किंचित वळवली, मान कलती केली. गॅलरीत कोणी हललं नाही. खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला. “आई, ये ना गं,” रंजूनं हाक मारली, “तो थांबत नाय म्हणतोय!” काकी ऐकत होत्या. त्या किती वेळ उभ्या होत्या मला सांगता येणार नाही. रंजूनं आणखी एकदा हाक मारली आणि या वेळी तिचा आवाज फुटला.

मग काकी वळल्या. माझ्याकडे बघून ओळखीचं हसल्या, पदर सारखा केला आणि आम्हा सगळ्यांच्या मधून आपल्या खोलीकडे चालत निघाल्या. कुठे झुकल्या नाहीत, कठड्याला हात लावला नाही, पावलांचा एवढासाही आवाज नाही. इतकं सरळ, इतकं सुरेख चालताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. दारात त्यांनी चपला काढून जागेवर लावल्या, आत गेल्या आणि पडदा ओढून घेतला.